दोघांची साक्ष

"गायला!" सिल्वीने मनोऱ्याच्या कठड्यावर थाप मारली. "मागच्या झाडांत. ऐकलंस ना, टाउनो?"

टाउनोने तिकडे कान लावला, मान डोलावली. "ऐकलं की. झकास गायला."

तो धादांत खोटं बोलत होता. तो पिवळ्या टोपीचा इवला पक्षी इतक्या बारीक आवाजात गातो, की म्हातारपणी कानातून तोच सूर आधी जातो. पण मनोऱ्यावरून पक्षी ओळखायच्या या स्पर्धेचा नियम कडक होता. एकट्याने ओळखलेला पक्षी धरायचा नाही, दोघांची साक्ष हवी. पलीकडच्या खाडीवरच्या मनोऱ्याशी बरोबरी चालली होती, आणि हरतील त्यांनी जिंकणाऱ्यांसाठी वाफेच्या अंघोळीचा सौना तापवायचा होता. चमूतली तिसरी, शेजारीण राइला. तिला हंसापलीकडे पक्षी कळत नसत, पण हिशेबाला ती खमकी. तिने फळीवर खडूने रेघ ओढली.

सिल्वीने ती ओढू दिली. नवरा कान लावून ऐकत होता तेव्हा पक्षी गातच नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं.

समोर समुद्रावरचा बर्फ कडकड फुटत होता. टाउनो मोठ्या दुर्बिणीतून मोकळ्या पाण्याची कड न्याहाळत होता. एकदम तो ओरडला.

"राजबदक! नर आहे! कपाळ बघ, भडक नारिंगी. ये, लवकर ये!"

सिल्वी दुर्बिणीवर वाकली. बराच वेळ बघत राहिली. तिच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जूनची तारीख मिळाली होती.

"दिसला ना?" टाउनो हळूच म्हणाला. "हो म्हण. तिथेच आहे तो, शप्पथ."

राइलाचा खडू तयारच होता.

"पांढरं पांढरं दिसतंय," सिल्वीने ठणकावून सांगितलं. "बदक असेल, नाहीतर बर्फ असेल. तुझ्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण साक्ष नाही देणार. मला दिसलेला नाही."

"अगं, जिंकतोय आपण!"

"न बघता? राइला, रेघ ओढू नकोस."

टाउनो कानापर्यंत लाल झाला. बाकावर बसला, थर्मासमधली कॉफी ओतून घेतली, प्यायला मात्र नाही.

"राइला, मघाची रेघही पूस," तो म्हणाला. "मला काही ऐकू आलं नव्हतं. दोन वर्षं झाली, येतच नाही."

"अरे देवा! दोघं मिळून जेमतेम एक माणूस होता तुम्ही," राइलाने बाहीने रेघ पुसली. "चला, सौनासाठी लाकडं फोडा आता."

सिल्वी खळखळून हसली. नवऱ्याला खेटून बसली. त्याच्यावर तिचा इतका जीव कित्येक दिवसांत जडला नव्हता.

"सांग बघू, कसा आहे तुझा राजबदक?"

त्याने सांगितलं. निळसर डोकं, लाल चोच, काळी पाठ. लाट आली तरी मान ताठ, लग्नातल्या व्याह्यासारखी. ती डोळे मिटून ऐकत होती.

"आणि मागचा?" त्याने विचारलं. "कसा गातो तो?"

सिल्वीने त्याचा हातमोजा काढला आणि तळहातावर बोटाने ठेका धरला.

"असा नको, आठवून नको," टाउनोने तिचं बोट धरलं. "तो गाईल तेव्हाच वाजव."

सिल्वीने बोट त्याच्या तळहातावर अधांतरी धरलं. राइलानेही खडू खाली ठेवला. बर्फ फुटत होता. आणि मग बोट भराभरा नाचू लागलं.