माथ्यावरचा नारळ

“घाटात धुकं उतरलं की तू देवीला नारळ फोड, मी दुवा मागतो; पण धुकं विरेपर्यंत मोटार दोघांनीही उभी ठेवायची,” मालाची मोटार शिकवताना गनीचाचांनी केरूला बजावलं होतं.

त्या दिवशी आंबा घाटाच्या माथ्यावर केरूनं नारळ फोडला आणि मोटार धुक्यात घातली. वळणावर पायथ्याच्या वाडीतल्या बाबूची बैलगाडी होती. चाकाखाली सापडलेला बाबू एवढंच म्हणाला, “माझी भाताची लावणी राहिली रे.”

“मी करीन,” केरूनं त्याचा हात धरून सांगितलं. बाबूनं ते ऐकून प्राण सोडला की त्याआधीच, कोण जाणे.

फौजदारानं दोष धुक्यावर टाकला. केरू सुटून घरी आला, पण आत-बाहेर करत राहिला. त्याच्यासाठी उपास धरलेली त्याची बायको राही देवापुढं वात लावत म्हणाली, “नारळ फोडलात म्हणून देवीआईनं राखलं तुम्हांला. आता जरा टेका तरी! उद्या नवस फेडून येऊ.”

“नारळ फोडला म्हणून तर मी थांबलो नाही, राही.”

ती वात हातात धरून तशीच बसली.

उजाडताच केरूनं गोठ्यातले आपले बैल सोडले, नांगर खांद्यावर घेतला नि बाबूच्या वाडीची वाट धरली. मागं पावलं वाजली. डोक्यावर पावसाचं इरलं घेऊन राही येत होती.

“तुझा नवस?”

“तोच फेडायला निघालेय,” ती हळूच म्हणाली. “एकट्या पुरुषाच्या हातून लावणी होते होय?”