उलटी चप्पल

क्रांती चौकाजवळच्या कलादालनात जुन्या चपलांचा ढीग मांडला होता. त्यातली एक उलटी दिसताच नानासाहेबांनी वाकून ती सरळ केली.

"आबा, हात नका लावू! ती मुद्दाम तशी ठेवलीय," नात कुजबुजली.

"अगं, उलटी चप्पल म्हंजी घरात भांडण. तुझी आजी कधी ऱ्हाऊ द्यायची नाय तशी."

"आजी तर गेली, आबा. आता एकट्यानं भांडणार कुणाशी?" नात बोलून गेली.

पुंडलिकनगरला घरी परतल्यावर नानासाहेबांनी कुलूप काढलं, दारात चपला काढल्या, त्यातली एक पायानंच उलटी केली, आणि आतून बायकोचं, वच्छलाबाईंचं, "आलात व्हय गाव उंडारून?" ऐकू येतंय का, म्हणून उंबऱ्यातच कान देऊन उभे राहिले.