कापलेली कॉइल

करवत थांबली आणि वृंदाने कापलेल्या कॉइलवर टॉर्च मारला. दोन वर्षं खपून तिने घातलेला प्रत्येक वेढा जागच्या जागी होता. कुठे फट नव्हती, की जळल्याची खूण नव्हती.

"मग दोष कुठंय?" प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलं.

तिने टॉर्च पुन्हा एकदा वेढ्यांवरून फिरवला. अणुसंलयन यंत्रासाठी या कॉइलचा बनवलेला अतिवाहक चुंबक प्रत्येक चाचणीत बंद पडत होता. प्रवाह वाढवला, की कॉइल तापल्याचं समजून सुरक्षायंत्रणा प्रवाहच तोडून टाकायची. शेवटी वैतागून तिनेच कापायला होकार दिला होता.

चरफडत ती सुरक्षायंत्रणेच्या तारा सोडवू लागली आणि थबकली. मुळात एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा आता सरळ, वेगवेगळ्या बांधलेल्या होत्या. पीळ नसला, की बाहेरचे विद्युत-तरंग आत शिरतात आणि यंत्रणा फसते.

"दाभाडेकाका, हा पीळ कुणी काढला?"

"मीच की. पहिली चाचणी बघायला पाहुणे येणार होते ना? गुंता बरा दिसतो का?" तंत्रज्ञ काका हसले. "सापडला का दोष, मॅडम?"

"सापडला." नकळत तिची बोटं त्या तारा पुन्हा पिळू लागली. "कॉइल चांगली होती, काका."