चार बोटं जागा

इस्त्री पुन्हा चार बोटं सरकली होती.

तो गुडघ्यांवर बसला. चष्मा वर केला, खाली केला. इस्त्री काही जागेवर आली नाही. बाहेरच्या खोलीत फरशीभर पांढरं रंगवलेलं प्लायवूड अंथरलं होतं आणि त्यावर खऱ्या मापात त्याची चौदा फुटी शिडाची होडी उतरत होती. रीत अशी, की एक लांब लवचीक लाकडी पट्टी वाकवायची, नऊ ठिकाणी वजनांनी दाबून धरायची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. वजनं घरातलीच. दोन विटा, दोन डंबेल, खलबत्ता, शब्दकोशाचे तीन खंड, आणि होडीचं पोट जिथे सगळ्यात रुंद तिथे, पाच नंबरला, बायकोची जुनी लोखंडी इस्त्री. होडी दोन्हीकडून सारखीच, म्हणून एकच बाजू काढायची. भिंतीकडची सरळ रेघ ती मधली. त्या एका बाजूवरून सुतार दोन्ही बाजू कापतो, आणि सुतार आज दहाला येणार होता.

एकतीस वर्षं त्याने पुलांचे नकाशे काढले. कचेरीत त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणायचे, आणि त्याला ते मनातून आवडायचं. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने सोफा गॅलरीत लोटला. तेव्हापासून घरात जेवण उभ्याने चाललं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘होडीत चप्पल नको’ अशी ताकीद होती. साठी उलटलेला माणूस, पण अंगात वारं शिरल्यासारखा घरभर नाचत होता. आंघोळीला गेला तरी शीळ बंद नाही.

एकच गोष्ट खुपत होती. पहिल्याच दिवशी त्याने बायकोला विचारलं होतं, “येशील ना?” ती मशीनवर कुणाचं तरी ब्लाउज शिवत होती. दातातली टाचणीसुद्धा न काढता म्हणाली, “मला बाई पाण्याची भीती वाटते. तुम्ही जा, मी काठावरून हात करते.” तो ‘बरं’ म्हणाला. नकाशातली दुसऱ्या बैठकीची फळी खोडली, बाकी मापांना हात लावला नाही. मग जो भेटेल त्याला सांगू लागला, एकट्याचीच होडी आहे, निवांत बरं असतं. तिला पुन्हा विचारायचा धीर मात्र त्याला झाला नाही.

आणि सोमवारपासून ही इस्त्री. रोज सकाळी मापात ठेवावी, तो बाजारात जाऊन येईपर्यंत चार बोटं बाहेर. त्याने आधी प्लायवूडला दोष दिला, दमट हवेने फुगलं असेल. मग वरच्या मजल्यावरच्या दोरीवरच्या उड्यांना. मग स्वतःच्या डोळ्यांना, आणि डॉक्टरकडे जाऊन वीस मिनिटं अक्षरं वाचून आला. डोळे ठणठणीत निघाले. बुधवारी तर कहर झाला, सोफ्याच्या दोन उशा थेट होडीत पडलेल्या. “अगं, ही होडी आहे, गोदाम नाही,” तो म्हणाला. बायकोने उशा मुकाट्याने उचलून नेल्या. एरवी ऐकून घेणाऱ्यातली ती नव्हे, पण त्याला घाई होती.

दहाच्या ठोक्याला सुतार आला. चपला दारात काढून, एक डोळा मिटून, त्याने पट्टीवरून नजर फिरवली.

“साहेब, होडीला इथे गळू झालंय.”

“सरकते हो ती. दाबून बसवतो आता.” त्याने इस्त्रीला हात घातला.

“राहू द्या तिथेच,” दारातून बायको म्हणाली.

गळ्यात मापाची टेप, हाताला खडू. मिलिमीटरचा हात इस्त्रीवरच राहिला.

“मीच सरकवते ती,” ती म्हणाली. “रोज. उशा ठेवून बघितलं. एक मावते, दुसरी बाहेर जाते. म्हटलं, चार बोटं मिळाली तर एका अंगावर बसेन. पण तुम्ही आपले आलात की लगेच आत ढकलता.”

“कोण बसेल?”

“कोण म्हणजे? मी काय काठावर उभी राहून रुमाल हलवत बसू? भीती वाटते ती वाटते. एकटीला काठावर जास्त वाटेल.”

त्याला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. डोळ्यांत पाणी आलं तरी तो हसतच राहिला आणि चक्क होडीच्या पोटात मांडी घालून बसला. सुताराला काहीच समजेना.

“अगं, ही अर्धीच आहे,” शेवटी तो म्हणाला. “ती रेघ मधली. दुसरी बाजू भिंतीपलीकडे समज.”

“अर्धी?” तिने त्या सरळ रेघेकडे पाहिलं. “मला वाटलं, एक बाजू सपाट असते. धक्क्याला लावायला.”

सुतार खोकल्याचं निमित्त करून गॅलरीत गेला.

“रोज कापडाची घडी घालून अर्धं बेतते मी,” ती कपाळाला हात लावून म्हणाली, “आणि हे नाही कळलं.” मग तिने टेप काढली, रेघेपासून पट्टीपर्यंत माप घेतलं, मनाशी दुप्पट केलं. पुन्हा एकदा मोजलं.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “मग एकट्यासाठी एवढी रुंद कशाला काढलीत?”