लताकियाचा आवाज

पुतण्यानं डबा उघडून काकांच्या नाकाखाली धरला आणि लगेच जीभ चावली.

दुकानात सगळे काकांना ‘नाकवाले’ म्हणत. पाईपच्या तंबाखूची मिश्रणं करण्यात त्यांचा उभा जन्म गेला. कुठल्या पोत्यातलं पान किती मुरलंय, हे ते नुसत्या वासावर सांगत. पण घशाच्या ऑपरेशननंतर श्वास मानेतल्या भोकातून जाऊ लागला. आवाज गेला, वासही गेला. नाक उरलं ते बंद दुकानावरच्या पाटीसारखं.

“चुकलंच काका,” पुतण्या डबा मागे घेत म्हणाला. वय झालं होतं, टक्कल पडलं होतं, तरी काकांपुढे तो अजून चाचरत बोले. “सवयीनं धरला हो. काय करू, जुनी गिऱ्हाइकं तुटायला लागलीत. तुमचंच इंग्लिश मिश्रण, पण म्हणतात, ते हे नव्हे.”

काकांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली. धुरावर सुकवलेलं काळं लताकियाचं पान, पिवळी व्हर्जिनिया, बारीक चिरलेलं तुर्की. बोटांना त्यात काही खोट सापडेना. त्यांनी हात झटकले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“आण इकडे,” काकू म्हणाल्या.

पुतण्याला वाटलं, डबा आता केरात जाणार. मुलं झाल्यापासून काकूंनी घरात पाईप पेटू दिला नव्हता. थंडीवाऱ्यात नवऱ्याला गॅलरीत उभं केलं होतं. पण काकू आत गेल्या आणि शिवणाचा डबा घेऊन आल्या. दोऱ्याची रिळं बाजूला सारून त्यांनी तळातून एक पाईप काढला.

काकांचे डोळे विस्फारले. कडेला टवका उडालेला तो पाईप त्यांचाच होता. तो हरवला तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आळ याच पुतण्यावर आला होता.

“बघा! मी तेव्हाच सांगत होतो—”

“तू गप्प बस. आणि तुम्ही तिथंच बसा हो, धूर तुम्हाला चालायचा नाही.” काकूंनी खिडकी सताड उघडली आणि पाईप भरायला घेतला.

काका त्यांच्या हातांकडे बघत राहिले. नवशिका माणूस पाईप ठासून भरतो. काकूंनी खाली सैल, वर किंचित घट्ट भरला. एकदा पेटवला. मग शिवणाचं अंगुस्तान बोटात घालून वरचा थर हलकेच दाबला, आणि पुन्हा पेटवला. एवढ्या वर्षांत काकांनी किती जणांना हे शिकवलं होतं. बायकोला शिकवलं नव्हतं.

काकूंनी डोळे मिटून दोन झुरके घेतले.

“व्हर्जिनिया कोवळी आहे. मुरलीच नाही. गोडी यायच्या आधीच जीभ सोलतेय.” त्यांनी धूर खिडकीबाहेर सोडला. “म्हणून तू लताकिया वाढवलास. खोटं बोलणारा माणूस आवाज चढवतो ना, तसा बोलतोय तो. नुसती विझवलेली शेकोटी. आणि तुर्की पान कुठाय? मध्येच डोकावून जाते ती आंबूस चव? तिला बिचारीला हा तोंडच उघडू देत नाही.”

पुतण्याचा चेहरा उतरला. “मुरलेला साठा संपला, काकू. म्हटलं, लताकिया जरा सढळ हातानं घातला तर कुणाच्या ध्यानात यायचं नाही.”

“आलं ना?”

पुतण्यानं डब्याला झाकण लावलं.

“नवं पान मुरेपर्यंत हे विकू नकोस. नाही म्हणून सांग सरळ. थांबतील ते थांबतील.”

पुतण्या मान हलवत निघाला. जाताना काकांच्याच चपला घालून गेला.

दार लागलं तसं काकांनी टेबलावर मूठ आपटली. हाक मारायची आता तीच रीत होती. काकूंनी वळून पाहिलं. काकांनी लिहायची पाटी समोर धरली होती.

‘कधीपासून?’

“मुलं शाळेत जायला लागली तेव्हापासून. दुपारी, सगळी कामं उरकल्यावर. तुमच्याच डब्यातली चिमूट. तुमच्या अंगालाच तो वास, वेगळा कळणार कसा?”

पाटी पुसली गेली. पुढची अक्षरं वेडीवाकडी उमटली. ‘मग मला गॅलरीत का?’

“आधी मुलं लहान होती. पुढं रागवायची सवय पडली.” काकू पाईपकडे बघत म्हणाल्या. “एवढं तोंडसुख घेतल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं, की मलाही आवडतं म्हणून?”

काकांना कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. दिवसभर चाखलेली चव जिभेवर घेऊन ते रोज संध्याकाळी घरी यायचे. आज काय जमलं, काय बिघडलं, कशात काय घातल्यावर काय झालं, सगळं ओठांवर असायचं. ते तसंच गिळून जेवायला बसायचे. सांगणार कुणाला? घरात जिला सांगायचं, तिला तर वाससुद्धा सोसवत नाही, असं ते धरून चालले होते.

त्यांनी तोंड उघडलं. मानेतून नुसती हवा वाजली.

“रागावलात?” काकूंचा आवाज खाली आला.

काकांनी नाही म्हणून मान हलवली. पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग बाहीनं पाटी पुसून त्यांनी घाईघाईनं लिहिलं.

‘शेवटी शेवटी चव कशी लागते?’

पाईप विझला होता. काकूंनी काडी ओढली, तो पुन्हा पेटवला आणि खिडकीबाहेर तोंड करून सावकाश एक झुरका घेतला.

“थांबा की जरा. अजून तळाला नाही पोचले.”