एकोणिसावं पान

“चोवीस पानं वाचतो कोण, ते सांगा मला,” डॉ. विश्वजीत केतकर म्हणाले आणि त्यांनी चार पानांचं नवं संमतीपत्रक टेबलावर सरकवलं. “ते बाड बघूनच पेशंट घाबरतात. दोन महिन्यांत एकानंही सही केलेली नाही.”

हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीनं माना डोलावल्या. कमिटीचं मुख्य काम तेच. सहा डॉक्टर, एक वकील आणि एक सामान्य व्यक्ती. सामान्य व्यक्ती हवीच, असा नियम आहे. तिच्यावाचून बैठक भरत नाही. कोथरूडच्या निवृत्त शिक्षिका सुनीती बर्वे चार वर्षं ती जागा सांभाळत होत्या. चहा घ्यायचा, दाखवतील तिथे सही करायची आणि बाकीचे असामान्य लोक बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा होती.

आज मात्र त्या जुनं आणि नवं पत्रक शेजारी शेजारी ठेवून, पेपर तपासल्यासारखं वाचत बसल्या होत्या.

विषय डॉ. केतकरांच्या, हिमोफिलियावरच्या जीन थेरपीच्या चाचणीचा होता. ज्यांचं रक्त गोठत नाही त्यांच्या शरीरात, निर्धोक केलेल्या विषाणूच्या पाठीवर बसवून, चांगला जीन पाठवायचा. लागू पडला तर जन्माची इंजेक्शनं सुटू शकतात. पहिल्या तिघांना औषधाची अगदी थोडी मात्रा द्यायची होती. यादीत पहिलं नाव शंभू ढगेचं होतं. वय चोवीस, स्वारगेटला एका पार्सल ऑफिसात कामाला. गुडघ्यात वारंवार रक्त उतरून एक पाय अधू झालेला.

“एकोणिसाव्या पानावरचं एक वाक्य नव्या पत्रकात दिसत नाही,” सुनीतीबाई म्हणाल्या. “‘भविष्यातील तत्सम उपचारांकरिता पात्रता बाधित होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ म्हणजे काय हो?”

“तांत्रिक आहे ते. सोडा.”

“मी एकतीस वर्षं मराठी शिकवलंय. मला कळलं नाही, ते त्या शंभूला कळेल का?”

डॉ. केतकरांनी घड्याळ पाहिलं. मग बालवाडीत आल्यासारखं सावकाश समजावून सांगितलं. शरीर एकदा त्या विषाणूला ओळखायला लागलं की दुसऱ्या खेपेला त्याला आत येऊ देत नाही. म्हणून हे औषध माणसाला एकदाच देता येतं.

“आणि या पहिल्या तिघांना गुण येईल?”

“फारशी शक्यता नाही. आत्ता फक्त धोका किती, ते बघायचंय.”

“म्हणजे त्याची एकुलती एक संधी आपण खर्चून टाकणार. आणि त्याला सांगणारही नाही.”

“सांगितलं तर सही कोण करेल?” डॉक्टर हसले. “अहो, बारावी नापास आहे तो. तीनदा कागद घरी नेला, तीनदा तसाच परत आणला. काय कळतंय या लोकांना!”

वकीलसाहेबही हसले.

सुनीतीबाईंना संताप आला. पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली. त्या चोवीस पानांना मंजुरी देताना त्यांनीही न वाचता सही ठोकली होती. शाळेत असं वागणाऱ्या पोराला त्यांनी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

त्यांनी पेन काढलं आणि नव्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘पहिल्या तिघांना या औषधाने गुण येण्याची शक्यता फार कमी आहे. हे औषध एकदा घेतले की पुन्हा कधीही घेता येणार नाही.’

“हे राहणार असेल तर माझी सही मिळेल. नसेल तर सामान्य व्यक्ती घरी जाते. मग बसा.”

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. डॉक्टरांचा चेहरा मात्र खुलला. “राहू दे की! शंभू आज इंजेक्शनसाठी खाली आलेलाच आहे. त्याला वर बोलावतो. हे वाचून तो कसा पळतो, ते सगळेच बघू.”

शंभू लंगडत आला. त्याला कोणी बसायला सांगितलं नाही. सुनीतीबाईंनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

“सावकाश वाचा. नको वाटलं तर सरळ नाही म्हणा. कोणी रागावणार नाही.”

त्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

“समजलं का रे?” डॉक्टरांनी विचारलं.

“हे मला माहीतच होतं, सर. पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर शोधून वाचलं होतं. माझ्या धाकट्या भावालाही हाच आजार आहे. माझ्यावरून पुढची मात्रा ठरेल, मग त्याला तरी गुण येईल, म्हणून मी तयार होतो.”

“मग सही का नाही केलीस?”

“औषध पुन्हा कधी घेता येईल का, असं मी तुम्हाला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तुम्ही ‘बघू पुढे’ म्हणालात. मला खरं सांगत नाही, त्या माणसाच्या हाती उद्या भावाला कसा देऊ?”

त्याने सही न करताच कागद डॉक्टरांपुढे ठेवला आणि टेबलाचा आधार घेत तो उठला.

“पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर पहिल्याच दिवशी सही केली असती.”