गप्पूला झोपू द्या

लाउडस्पीकर खरखरला आणि साकेतने कान झाकून किंकाळी फोडली. हेमलताने त्याला कवेत घेतलं, तसा तो आणखीच तडफडला. समोर पुण्याची गाडी उभी होती. कसंही करून त्याला आत चढवायला हवं होतं.

नवी दिल्ली स्टेशनावर गर्दी जमायला निमित्त लागत नाही. बघ्यांचं कडं पडलं. "बच्चा तो इसे पहचानता ही नहीं," कोणीतरी म्हणालं. दुसऱ्याने लगेच री ओढली, "बच्चाचोर होगी!"

हेमलताने साकेतला आणखी घट्ट धरलं. अशा मुलांना घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईला हे ऐकावंच लागतं. मूल ओरडलं की लोक आधी बाईकडे संशयाने बघणार. मदतीचा हात मात्र एकाचाही पुढे येणार नाही. वर्षभर साकेतला भरवलं, निजवलं, त्याचे बोचकारे सोसले ते तिने. या रिकामटेकड्यांना त्याचं काय!

एक महिला कॉन्स्टेबल गर्दी सारत आली. "कौन है ये?"

"मेरा बेटा है, मॅडम. ऑटिझम है, बोलता नहीं." हेमलता घाईघाईने म्हणाली. "शोर से डर जाता है. नानी के घर जा रहे हैं."

मग साकेतच्या पाठीवरून हात फिरवत ती मराठीत पुटपुटली, "झालं हं राजा, झालं."

कॉन्स्टेबलचा चेहरा जरा निवळला. तेवढ्यात तिचं लक्ष हेमलताच्या पिशवीकडे गेलं. आतून पांढरा, गोल डोक्याचा रोबोट डोकावत होता.

"और ये?"

"गप्पू. गाझियाबाद में सेंटर है हमारा, वहाँ का. बच्चे इससे बातचीत सीखते हैं." गप्पूशिवाय साकेत पाऊल उचलत नसे, म्हणून तर हे लोढणं बरोबर आणावं लागलं होतं.

"तो चालू करो ना. बच्चा शांत हो जाएगा."

"नहीं मॅडम, सोने दीजिए. बिगड जाएगा." हेमलताला दरदरून घाम फुटला. "हमारी गाडी छूट जाएगी..."

पण साकेतने पिशवीत हात घालून बटण दाबलंही होतं. गप्पूचे डोळे निळे झाले. किंकाळी थांबली. मघाशी चोर म्हणणारे आता कौतुकाने माना डोलावू लागले.

"नमस्ते साकेत!" सेंटरमध्ये रोज विचारायचा तोच प्रश्न गप्पूने विचारला. "आज किसके साथ आए हो?"

साकेत हसला.

"आंटी के साथ," तो स्पष्ट म्हणाला. "मम्मी को नहीं बताना है."